रानड्यांचे दप्तर कोणाचे?

(स्वारगेट येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी बोलावे असे मला सांगण्यात आले. रानड्यांवर बोलणे पुण्यात सोपे आहे आणि म्हणूनच ते व्यर्थ जाण्याचा धोकाही मोठा आहे. पुतळ्याला हार घालावा, 'आद्य अर्थशास्त्रज्ञ', 'समाजसुधारक', 'द्रष्टे' अशी विशेषणे उच्चारावीत आणि घरी जावे, असा आपला परिपाठ झाला आहे. मी आज त्यांच्या गुणांविषयी फारसे बोलणार नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्या कागदांविषयी: त्यांनी लिहिलेले, तपासलेले आणि लोकांसाठी खुले व्हावेत म्हणून धडपडलेले कागद. कागद कोणाच्या ताब्यात असतात, ते कोणाला वाचता येतात आणि कोणाविरुद्ध वापरले जातात, हा सत्तेचा प्रश्न आहे. हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात संपलेला नाही.

तुलनेसाठी आधी एका परदेशी न्यायाधीशाचा दाखला देतो. जॉन जे हे अमेरिकन प्रजासत्ताकाच्या संस्थापकांपैकी एक. १७८९ ते १७९५ या काळात ते तेथील सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश होते, पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. त्यांची पत्रे, मसुदे आणि टिपणे आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जपलेली आहेत. त्यांतील निवडक कागद सात खंडांत संपादित झाले असून मूळ पानांच्या प्रतिमा कोणालाही घरबसल्या पाहता येतात. या खुलेपणाचा परिणाम काय झाला? गव्हर्नर असताना जे यांनी १७९९ मध्ये न्यूयॉर्कमधील गुलामगिरी टप्प्याटप्प्याने नष्ट करणाऱ्या कायद्यावर सही केली, हे त्या दप्तरातून कळते. त्याच दप्तरातून हेही कळते की जे स्वतः गुलाम बाळगून होते. त्यांच्या कुटुंबाने पॅरिसला नेलेली ॲबिगेल नावाची गुलाम स्त्री १७८३ मध्ये पळून गेली, पकडली गेली, तुरुंगात पडली आणि आजारी होऊन त्याच वर्षी मरण पावली. ॲबिगेलने स्वतः काही लिहून ठेवले नाही. तिची हकीकत उरली ती मालकांच्या पत्रव्यवहारात. दप्तर संपूर्ण आणि खुले असेल तर मोठ्या माणसाबरोबर त्याच्या घरात राबणारी माणसेही इतिहासात येतात. ते कापून, निवडून, सोवळ्यात ठेवले तर उरतो केवळ पुतळा.

हे ध्यानात ठेवून आपण रानड्यांकडे वळू.

पर्वतीचे भांडण आणि पन्नास सह्या

आपण स्वारगेटला बसलो आहोत. येथून जवळच पर्वतीची टेकडी आहे. पुणे सार्वजनिक सभेचा जन्म या पर्वतीच्या देवस्थानाच्या भांडणातून झाला, हे आपल्यापैकी तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. देवस्थानाच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. त्या सरकारपुढे मांडायच्या तर मांडणारे लोकांच्या वतीने बोलत आहेत कशावरून, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून लोकांकडून मुखत्यारपत्रे घेण्याची कल्पना निघाली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली. तिचा नियम असा होता की ज्याला सभासद व्हायचे त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे.

त्या काळी या देशात मतदानाचा हक्क नव्हता, विधिमंडळात लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हता. अशा वेळी पन्नास सह्यांच्या एका कागदाने प्रतिनिधित्वाची संकल्पना पुण्याच्या सार्वजनिक जीवनात रुजवली. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांचाच भरणा होता, हे खरे. तिला जनतेची सभा म्हणणे धाडसाचे होईल. तथापि, मी ज्यांच्यासाठी बोलतो त्यांनी मला तसा अधिकार दिला आहे काय, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. आजच्या किती संघटना तो विचारतात?

रानडे १८७१ मध्ये प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि लवकरच सभेचा मेंदू बनले. १८७२ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सभेने समिती नेमली. १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदी प्रतिनिधी घ्यावेत असा अर्ज पाठवला. १८७६-७७ च्या दुष्काळात तर सभेने स्वतःची माणसे गावोगाव पाठवून हकिकती गोळा केल्या आणि सरकारच्या आकड्यांसमोर आपले आकडे ठेवले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला याचे मोल फार वाटते. राज्यकर्त्यांच्या आकडेवारीला भावनेने उत्तर देता येत नाही. तिला दुसऱ्या, अधिक प्रामाणिक आकडेवारीनेच उत्तर द्यावे लागते.

सुप्याच्या बाजारात जळालेले खत

आता दुसऱ्या प्रकारच्या कागदाकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना हवी होती ती कर्जाची खते, रोखे आणि वह्या. ते कागद हाती येताच त्यांची होळी करण्यात आली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तेथे त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही, ही गोष्ट चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही.

यामागची कारणे दूरवर पसरलेली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस थांबला, आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. शेतकरी सावकाराच्या दारी गेला. सावकाराने लिहिले ते खत, आणि निरक्षर कुणब्याने त्यावर अंगठा उमटवला. दिवाणी न्यायालय खत पाही, अंगठा पाही आणि हुकूमनामा देई. खतामागे किती रक्कम खरोखर दिली गेली, किती व्याज मुद्दलात मिसळले गेले, याची चौकशी करण्याचे न्यायालयाला कारण नव्हते. शेतकऱ्याने कागदच जाळला, कारण त्या कागदावर न्यायालयाचा विश्वास होता आणि शेतकऱ्याच्या शब्दावर नव्हता.

या उठावानंतर १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याचे मर्म असे की न्यायालयाने केवळ खत पाहून थांबू नये, त्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासावा. खतांची नोंद गावच्या निबंधकापुढे व्हावी, सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा, तंटे शक्य तर तडजोडीने मिटवावेत आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. या कायद्याच्या अंमलावर देखरेख ठेवण्याचे काम १८८१ पासून रानड्यांकडे साहाय्यक म्हणून आणि १८८७ मध्ये खास न्यायाधीश म्हणून आले. गावोगावची दुय्यम न्यायालये तपासत ते फिरले. एका बाजूने सभेच्या त्रैमासिकात जमिनीच्या विक्रीच्या कायद्यावर आणि शेतीच्या पेढ्यांवर लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूने खताच्या पाठीमागचा हिशेब उलगडणारा न्यायाधीश, अशा दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात हे मत त्यांनी नाकारले. त्या नकाराला दख्खनच्या या अनुभवाचे बळ होते, असे मला वाटते. करार करणारे दोन्ही पक्ष समान आहेत हे पुस्तकात गृहीत धरता येते. अंगठ्याखालचा मजकूर वाचता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कसे धरणार?

रानड्यांच्या मर्यादा समाजवाद्यांनी झाकण्याचे कारण नाही. शेतीचा प्रश्न सोडवताना स्वतंत्र शेतकऱ्यांबरोबर सधन जमीनमालकांचा वर्गही असावा, असे त्यांचे मत होते. तो वर्ग पुढे खेड्यात काय करील याचा अंदाज त्यांच्यापेक्षा महात्मा फुल्यांना अधिक होता. गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांची स्थिती सुधारली, असे रानड्यांनी एका व्याख्यानात सांगितले, तेव्हा १८८५ च्या 'इशारा' या पुस्तिकेत फुल्यांनी त्यांचा खरपूस समाचार घेतला.

दप्तराचे दार

तिसरा कागद म्हणजे पेशवे दप्तर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर मोडी लिपीतील हजारो रुमाल इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते जपले, ते काही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. जमिनी कोणाच्या, इनामे कोणाची, कोणत्या गावाचा वसूल किती, हे ठरवण्यासाठी त्यांना दप्तर हवे होते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने याच दप्तराच्या आधारे इनामदारांकडे पुरावा मागितला आणि ज्यांना तो देता आला नाही अशांची हजारो इनामे खालसा झाली किंवा त्यांवर सारा बसला. इनामदारांविषयी आपल्याला जिव्हाळा असण्याचे कारण नाही. परंतु न्यायाच्या दृष्टीने पाहा: दप्तर सरकारच्या कुलपात आणि पुरावा द्यायचा प्रजेने! ज्याच्या हाती दप्तर तोच वादी, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश.

या दप्तराचे दार उघडावे म्हणून ज्यांनी प्रयत्न केले त्यांत रानडे अग्रभागी होते. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी दप्तरातील रोजकीर्दींमधून केलेली निवड छापून लोकांपुढे यावी, ही त्यांची खटपट होती. १९०० मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत त्यांनी या रोजनिशींच्या प्रस्तावनेदाखल निबंध वाचला. त्यात लढायांपेक्षा सारा, सूट, वेठबिगार, गुलामांचे व्यवहार, न्यायदान आणि जातींमधील तंटे यांचे विवेचन आहे. राजांच्या कीर्दीतून प्रजेचा इतिहास वाचता येतो, हे त्यांनी दाखवले. उत्तर पेशवाईत राज्ययंत्रणा जातिभेदाच्या आहारी कशी गेली हेही त्यांनी स्वतः ब्राह्मण असून स्पष्ट लिहिले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. रोजनिशींचे नऊ भाग त्यांच्या पश्चात बाहेर आले. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. आज हे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. ते आता बंद नाही. परंतु मोडी वाचणारी माणसे मूठभर असतील तर उघडे दारही बंद दारासारखेच असते.

स्वतः रानड्यांचे कागद

ज्याने इतरांचे दप्तर उघडले, त्याचे स्वतःचे दप्तर कोठे आहे? येथे हकीकत थोडी खेदाची आहे. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे अनेक लेख निनावी आहेत. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास पुण्यातील विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा जळाला, तेव्हा सरकारचा संशय रानड्यांपर्यंत पोहोचला. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांची टपाले फोडून वाचली जाऊ लागली. ज्याच्या पत्रांवर पाळत आहे तो माणूस कागदावर किती लिहील आणि किती राखून ठेवील, याचा विचार करा. आज सरकारांना लोकांची पत्रे फोडावी लागत नाहीत, त्यासाठी अधिक सुबक साधने निघाली आहेत. वृत्ती तीच आहे.

ही धुळ्याची हकीकत आपल्याला कळते ती रमाबाई रानडे यांच्यामुळे. त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ती मुलगी म्हणजेच रमाबाई. पतीने शिकवले म्हणून त्या लिहू लागल्या आणि त्यांनी लिहिले म्हणून पती आपल्याला माणूस म्हणून कळला. पुढे १९१५ मध्ये रानड्यांचे संकीर्ण इंग्रजी लेखनही रमाबाईंनीच प्रसिद्ध केले. निनावी लेखांची छाननी करून त्यांचे आर्थिक लेखन एकत्र यायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. ते काम बिपन चंद्र यांनी केले. न्यायनिवाडे कायद्याच्या अहवालांत, धर्मपर व्याख्याने निराळ्या पुस्तकात, सामाजिक परिषदेतील भाषणे आणखी कोठे, अशी ही संपत्ती विखुरलेली आहे.

येथे एका पत्राचा उल्लेख केलाच पाहिजे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी फुल्यांना पाठवले. फुल्यांनी ते नाकारले. जे लोक शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क उघडपणे देत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावनांचा मेळ बसत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. 'ज्ञानोदय'ने ११ जून १८८५ च्या अंकात ते छापले म्हणून ते टिकले. निमंत्रण देण्यातला रानड्यांचा उदारपणा आणि ते नाकारण्यातला फुल्यांचा स्वाभिमान हे दोन्ही एका फाइलीत शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज एकोणिसाव्या शतकाचे पुणे समजत नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी याच पुण्यात गोखले स्मारक मंदिरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रानड्यांवर व्याख्यान दिले. हक्कांचे रक्षण केवळ कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते, असे सांगून त्यांनी रानड्यांच्या समाजसुधारणेचे राजकीय मोल दाखवून दिले. भक्तीने नव्हे, कागद तपासून केलेला तो गौरव होता.

आपले काम

मित्रहो, आपण इतिहास संशोधक नाही, मग हे सारे आपल्याला कशासाठी? याचे उत्तर या सभागृहाबाहेर सापडेल. येथून जवळच मार्केट यार्ड आहे. १९६९ चा माथाडी कायदा होण्यापूर्वी पाठीवर पोते वाहणारा हमाल कोणाचा कामगार आहे याचा कागदच नव्हता. माल व्यापाऱ्याचा, गाडी वाहतूकदाराची, हमाल मात्र कोणाचाच नाही! हमाल पंचायतीसारख्या संघटना लढल्या, मंडळात नोंद झाली, मजुरीचा हिशेब लिहिला जाऊ लागला, आणि त्या नोंदीच्या आधारे भविष्य निर्वाह निधी आला. पर्वतीच्या उतारावरील वस्तीत जा. १ जानेवारी २००० पूर्वी आपण येथे राहत होतो, याचा पुरावा कोणाकडे आहे यावर कोणाचे घर अधिकृत ठरते ते अवलंबून असते. पत्र्याच्या पेटीतले जुने वीजबिल, शाळेचा दाखला, मतदारयादीचा उतारा: गरिबाचे दप्तर एवढेच. सुप्याच्या शेतकऱ्याविरुद्ध कागद होता, आजच्या झोपडीवासीयाजवळ कागद नाही. दोघांच्याही बाबतीत निकाल त्यांच्या श्रमावरून लागत नाही.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये मिळाला. त्याच्या चौथ्या कलमाने सरकारी कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत अशी जबाबदारी घातली आहे. या अधिकाराचा वापर आपण बहुधा एखादे प्रकरण उघडकीस आणण्यासाठी करतो. दप्तरच नीट ठेवले जावे यासाठीही तो वापरला पाहिजे. 'अभिलेख उपलब्ध नाही' या उत्तरापुढे सगळे अधिकार लंगडे पडतात.

महाराष्ट्र शासनाने महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय छापले, १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड काढले. या खंडांतील मजकुरावरून १९८८ मध्ये रस्त्यावर संघर्ष झाला आणि मूळ लेखन जसेच्या तसे राहावे म्हणून सामान्य माणसे मुंबईत मोर्चाने उतरली. पुढे छपाईची दिरंगाई इतकी झाली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. यातून धडा असा की लोकांचा रेटा असेल तोवरच असे काम चालते. रानड्यांसाठी असा रेटा देणारा समाज आज दिसत नाही. ज्यांच्या जातीत ते जन्मले त्यांना ते फारसे परवडले नाहीत, ज्यांच्यासाठी त्यांनी खतांचे हिशेब उलगडले त्यांना ते आपले वाटले नाहीत. म्हणून ही जबाबदारी आपल्यासारख्यांवर येते. त्यांचे लेखन, निवाडे आणि पत्रे, त्यांच्यावरील फुल्यांची आणि इतरांची टीका, हे सर्व एकत्र, सूचीसह आणि मराठीत मिळाले पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे.

सरकारकडे मागणी करताना आपल्या घरचेही पाहावे. जयप्रकाशांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात सुरक्षित आहेत. पण गोदामातला संप चालवणाऱ्या, एक गाव एक पाणवठा मोहिमेत गावे पालथी घालणाऱ्या साध्या कार्यकर्त्याच्या डायऱ्या कोठे आहेत? तो गेला की घरातली मंडळी माळा रिकामा करतात आणि शिबिरांची टिपणे, सभांची इतिवृत्ते, तुरुंगातून लिहिलेली पत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी कोणी आपली चळवळ समजून घेऊ म्हणेल तर त्याला आपल्याविरुद्धचे पोलीस अहवाल सापडतील, आपले म्हणणे सापडणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने एक कपाट राखावे आणि एका माणसावर ते सोपवावे. इतिवृत्त तारखेसह लिहावे, पत्रकाची एक प्रत फाइलीला लावावी, ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडून त्यांचे कागद हयातीतच मागून घ्यावेत. तरुणांपैकी दोघाचौघांनी मोडी शिकावी. वस्तीत काम करणाऱ्यांनी प्रत्येक घराच्या पुराव्याच्या प्रती काढून ठेवाव्यात. आपल्याला मतभेद लिहून ठेवण्याची भीती वाटते, तीही सोडावी. ज्या चळवळीच्या दप्तरात फक्त गौरव असतो, तिच्याकडून पुढच्या पिढीला शिकण्यासारखे काही उरत नाही.

या कामाला टाळ्या मिळत नाहीत, वर्तमानपत्रात छायाचित्र येत नाही. रानड्यांच्या आयुष्यातील बहुतेक काम असेच होते: सहीशिवाय लिहिलेले लेख, गावोगावची तपासलेली खते, दुसऱ्याने वेचलेल्या रोजनिशींची प्रस्तावना. येत्या महिन्याभरात आपल्या शाखेचे पहिले कपाट उभे राहावे एवढी अपेक्षा व्यक्त करून मी थांबतो.